पहिल्या चिकाचा हक्क

मराठी भाषा काही बाबतींत मोठी उदार आहे आणि काही बाबतींत तितकीच काटकसरी. नात्यागोत्यांसाठी तिने शब्दांची रेलचेल केली आहे. पण झाडाच्या सालीला चीर पडली असता जो पांढरा रस पाझरतो त्याला, आणि नुकत्याच व्यालेल्या जनावराच्या कासेतून जे पहिले दाट, पिवळसर दूध येते त्याला, अशा दोन अगदी निराळ्या वस्तूंना तिने एकच शब्द वाटून दिला आहे: चीक. फणसाचा चीक हाताला लागला तर तेल चोळल्यावाचून सुटत नाही. गाईम्हशीच्या चिकाचा खरवस होतो, आणि तो शेजारीपाजारी दिल्यावाचून घरच्या बाईला चैन पडत नाही. झाडाचा चीक झाडाची जखम बुजवण्यासाठी असतो; जनावराचा चीक त्याच्या पिलासाठी असतो. माणूस मात्र दोन्ही आपल्याकडे वळवून घेतो.

जो प्रश्न येथे मांडावयाचा आहे तो या दोन चिकांच्या मधोमध उभा आहे. ज्या जिवाला आपण आपल्या उपयोगासाठी जन्माला घालतो, आणि पुढे उपयोगासाठीच ज्याचा शेवटही करणार असतो, त्याला मधल्या काळात जगवण्याचे आपल्यावर काही देणे लागते काय? लागत असेल तर ते दयेपोटी, की आणखी कशापोटी? गाईचे उदाहरण घेतले तर आपली श्रद्धा आड येते. कुत्र्याचे घेतले तर माया आड येते. म्हणून मेंढीचे कोकरू घेऊ, आणि तेही आपल्या ओळखीच्या माळरानावरचे नको, मलेशियातल्या आणि सुमात्रातल्या रबराच्या मळ्यांतले घेऊ. दूरचे माणूस जसे नीट न्याहाळता येते, तसेच दूरचे जनावरही.

रबराचे झाड मूळचे ब्राझीलचे. १८७६ साली हेन्री विकहॅम नावाच्या इंग्रजाने अमेझॉनच्या खोऱ्यातून सुमारे ७०,००० बिया लंडनजवळच्या क्यू उद्यानात आणल्या. त्यांतून उगवलेली रोपे सिलोनला आणि १८७७ साली सिंगापूरला पोचली. ब्राझीलच्या रानात लहान कुऱ्हाडीने झाडावर घाव घालून चीक काढीत, आणि त्या घावांनी झाड खंगत जाई. १८८८ पासून सिंगापूरच्या वनस्पती-उद्यानाचा कारभार पाहणाऱ्या हेन्री रिडले याने निराळी रीत बसवून दिली. सालीची अगदी पातळ कड तेवढी तासावयाची, आतल्या गाभ्याला धार लागू द्यावयाची नाही. म्हणजे साल पुन्हा भरून येते आणि तेच झाड वर्षानुवर्षे चीक देत राहते. पूर्वेकडचा सारा रबराचा धंदा या एका संयमावर उभा राहिला. झाड जगले तर चीक मिळेल, हे मळेवाल्याला नीतिशास्त्राने नव्हे, तर वहीखात्याने शिकवले. असो. शिकवणाऱ्याची जात विचारण्याचे कारण नाही.

मळ्यात झाडांच्या ओळी एकमेकींपासून लांब असतात, आणि रोप लावल्यापासून चीक काढण्याजोगे होईपर्यंत पाच ते सात वर्षे जातात. तोवर मालकाच्या पदरात दमडी पडत नाही; ओळींमधली मोकळी जमीन मात्र उन्हापावसात तणाने माजते. जमिनीची धूप थांबावी आणि तिला नत्र मिळावे म्हणून प्युरेरिया, सेंट्रोसेमा, कॅलोपोगोनियम असल्या शेंगवर्गातील वेलांचे आच्छादन करतात. तेही मग झाडांवर चढू पाहतात. निंदणीला मजूर लावा, नाही तर तणनाशके फवारा, असे दोनच मार्ग उरतात. १९७० नंतरच्या दशकात मलेशियातल्या रबर संशोधकांनी, आणि १९८० नंतरच्या दशकात उत्तर सुमात्रातल्या सुंगेई पुतिह येथील संशोधकांनी, तिसरा मार्ग नीट अभ्यासून पाहिला. त्यांनी ओळींमध्ये मेंढरे सोडली. शेळीचा येथे उपयोग नाही. ती मागच्या पायांवर उभी राहून शेंडा खाते आणि सालही सोलते. मेंढी खाली मान घालून चरते. रोपांचे शेंडे तिच्या तोंडापासून उंच गेले की तिचे आणि झाडाचे फारसे भांडण राहत नाही. तण जाते, लेंडीखत पडते, आणि वर मांस मिळते.

त्या दमट हवेत लोकर हे मेंढीला ओझेच. आपल्याकडे दख्खनी मेंढीच्या जाड लोकरीची घोंगडी होते, आणि ती मेंढी कोरड्या माळावर सुखात असते. सुमात्रात मात्र कॅरिबियन बेटांवरच्या सेंट क्रॉय आणि बार्बाडोस या जातींचे नर आणून स्थानिक बारीक शेपटीच्या मेंढ्यांशी त्यांचा संकर केला. या जातींच्या अंगावर लोकर नसते, साधे केस असतात. स्थानिक मेंढी लहानखुरी, वीस-पंचवीस किलोंची. पण ती वर्षातल्या कोणत्याही ऋतूत विते आणि पुष्कळदा जुळे देते. कागदावर पाहिले तर याहून सुबक योजना सापडावयाची नाही.

आता कागद बाजूला ठेवून गोठ्यात जाऊ. त्या भागात मेंढ्यांचा गोठा खांबांवर उचललेला असतो, आणि त्याची जमीन फटी ठेवून बसवलेल्या लाकडी पट्ट्यांची असते, म्हणजे लेंड्या खाली पडतात आणि पाय कोरडे राहतात. दव उतरले की कळप चरावयास निघतो. पहाटे ओल्या गवतावर जंतांच्या अळ्या वर चढलेल्या असतात, म्हणून हा उशीर. लहान कोकरांना एवढी चाल झेपत नाही, म्हणून ती पुष्कळदा गोठ्यातच राहतात. आई सहा-सात तासांनी परत येते. एवढा वेळ उपाशी राहण्याइतका साठा मोठ्या कोकराच्या अंगी असतो. दोन-तीन दिवसांच्या, दीड किलोच्या कोकराच्या अंगी नसतो.

कोकरे मरतात ती बहुधा पहिल्या तीन दिवसांत, आणि बहुधा वाघाने किंवा अजगराने नव्हे. ती भुकेने मरतात. निसर्गाने येथे एक कठोर नियम घालून दिला आहे. माणसाच्या गर्भाला रोगाशी झुंजण्याचे काही बळ आईच्या रक्तातून पोटातच मिळते. मेंढीच्या गर्भाला ते मिळत नाही. ते सगळे चिकात साठवलेले असते. कोकराच्या आतड्याला ते जसेच्या तसे शोषून घेता येते, पण साधारण चोवीस तासच. त्यातही पहिले सहा तास सर्वांत मोलाचे. किलोमागे सुमारे पन्नास मिलिलिटर चीक पहिल्या पाजण्याला हवा, म्हणजे दीड किलोच्या कोकराला घरातल्या चहाच्या कपाने अर्धा कप. तेवढा मिळाला तर ते अंग धरते. नाही मिळाला तर पुढे कितीही दूध पाजले तरी ती वेळ गेलेली असते. दार चोवीस तास उघडे असते. मग ते बंद होते आणि पुन्हा उघडत नाही.

त्यात जुळे झाले म्हणजे प्रश्न आणखी बिकट होतो. मेंढीला सड दोन असतात, हे खरे. पण दोन सड म्हणजे दोघांपुरते दूध नव्हे. गर्भाची सुमारे दोन-तृतीयांश वाढ पाच महिन्यांच्या गाभणपणातल्या शेवटच्या सहा आठवड्यांत होते. त्या वेळी आईला पुरेसे खावयास मिळाले नाही, तर कोकरे हलकी जन्मतात आणि कास रिकामी राहते. आणि रबराच्या मळ्यात खाणे दरवर्षी कमी होत जाते. झाडे वाढतात, त्यांचे शेंडे एकमेकांना मिळतात, ऊन जमिनीवर उतरत नाही. आच्छादनाचे वेल विरळ होतात आणि सावलीत तगणारे निकस गवत तेवढे उरते. ज्या मळ्याच्या भरभराटीसाठी मेंढी आणली, त्याच भरभराटीने तिचे ताट हळूहळू काढून घेतले जाते. मग दोन कोकरांपैकी थोरले, उभे राहण्यात चपळ असलेले, आईला चिकटते. आई पहिल्या काही तासांत वासाने पिलाला ओळखू लागते. मागे राहिलेल्या दुसऱ्याचा वास तिच्या ओळखीचा होत नाही. ते जवळ आले तर ती डोक्याने ढकलून देते. यात तिचा दुष्टपणा नाही. तिच्यापाशी एकाचेच दूध आहे, आणि तिने तिच्या परीने हिशेब केला आहे.

या दुसऱ्या कोकराविषयीच आपला प्रश्न आहे. त्याला वाचवणे अशक्य नाही. आईला दोन-तीन दिवस लहानशा वाडग्यात दोन्ही कोकरांसह कोंडून ठेवावयाचे, म्हणजे ओळख पटते. सडाच्या तोंडाशी दाटलेली गुठळी पिळून काढावयाची. दुबळ्याला हाताने सडाला लावावयाचे. तेही जमले नाही तर चीक पिळून बाटलीने पाजावयाचा. नाळेला आयोडिन लावावयाचे. एखाद्या मेंढीचे कोकरू मेले असेल तर त्याचे कातडे या अनाथाच्या अंगावर चढवून तिच्याजवळ सोडावयाचे. मेलेल्याच्या वासावर जिवंताला आई मिळते. जगभरचे मेंढपाळ ही युक्ती जाणतात, आणि ती पाहून हसावे की डोळे पुसावे हे पाहणाऱ्याला कळत नाही.

पण हे करावे का? दोन बाजूंनी दोन माणसे येऊन आपल्याला अडवतात.

पहिला म्हणतो, हे ढोंग आहे. रात्री जागून, बाटलीने पाजून जे कोकरू वाढवले, तेच पुढे बकरी ईदच्या सुमारास किंवा एखाद्या लग्नकार्यासाठी विकावयाचे आहे. मलेशियात आणि इंडोनेशियात मेंढराला भाव येतो तो त्याच दिवसांत. मारण्यासाठीच जगवावयाचे असेल तर जगवण्याला दया हे नाव कशाला देता?

हा आक्षेप ऐकावयास मोठा टोकदार आहे. पण तो एक गोष्ट गृहीत धरून चालतो: शेवट वाईट असेल तर मधल्या साऱ्याला किंमत नाही. हे खरे मानले तर माणसाचेही कठीण आहे. शेवट आपणा कोणाचाच टळलेला नाही. ज्याला मांसाहार मुळातच अधर्म वाटतो त्याने मेंढी पाळू नये, ही भूमिका स्वच्छ आहे आणि मी तिच्याशी वाद घालणार नाही. परंतु जो पाळतो, त्याला 'नाही तरी मरणारच आहे' असे म्हणून उपाशी ठेवण्याची मुभा कोणत्या धर्माने दिली? एका क्षणात संपणे आणि तीन दिवस थंड पट्ट्यांवर कुडकुडत, रिकाम्या पोटी, आई समोर दिसत असता संपणे, या दोन गोष्टी मेंढराच्या दृष्टीने एक नव्हेत. पहिल्या गोष्टीला निदान कोणी कर्ता असतो आणि त्याला आपण काय केले हे ठाऊक असते. दुसरीला कर्ताच नसतो. तेथे सगळे म्हणतात, 'मेले.' कोणी 'मारले' म्हणत नाही.

दुसरा माणूस वही घेऊन येतो. तो म्हणतो, दुसऱ्या कोकराला वाचवण्यास जेवढी मेहनत लागते तेवढे त्याचे मोल नाही. निसर्गच निवड करतो आहे. तुम्ही मध्ये का पडता?

याला उत्तर देण्यासाठी 'निसर्ग' हा शब्द नीट तपासला पाहिजे. रानातली मेंढी विण्याच्या वेळी कळपापासून दूर जाते आणि आपल्या पसंतीचा आडोसा शोधते. ती वितेही अशा ऋतूत की गवत मिळावे. माणसाने सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी तिला पाळले आणि एकेक करून हे सारे तिच्या हातून काढून घेतले. गोठा आपण निवडला. नर आपण निवडला. कोठे चरावयाचे, केव्हा निघावयाचे, किती मेंढ्या एका तुकड्यात राहावयाच्या, सगळे आपण ठरवले. आणि एवढे सगळे ठरवून झाल्यावर, कोकरू मरावयास टेकले की आपण हात झटकून म्हणतो, 'निसर्ग!' ज्याने दुसऱ्याचे पर्याय काढून घेतले, त्याने त्या पर्यायांचे कामही अंगावर घेतले. माझ्या मते जगवण्याचे देणे येथून सुरू होते, दयेपासून नव्हे. दया कधी येते, कधी येत नाही. देणे मात्र दया न आलेल्या दिवशीही देणेच असते.

याला आपल्या इकडचा एक पुरावाही आहे. बंगालमधल्या सुंदरबनात गारोळ नावाची जेमतेम बारा-चौदा किलोंची मेंढी आहे. तिच्या रक्तात जुळे-तिळे देणारा एक आनुवंशिक गुण आहे. अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात कलकत्त्याहून ऑस्ट्रेलियाला गेलेल्या मेंढरांबरोबर तो गुणही गेला आणि तेथे बूरूला या नावाने प्रसिद्ध झाला. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तोच गुण गारोळकडून दख्खनी मेंढीत आणला आणि जुळी देणारी 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार केली. ज्या घरची मिळकत चार-दोन कोकरांवर चालते त्या घरी हे केवढे वरदान! पण वरदानाबरोबर अट येते. जन्म दुप्पट केले की दुधाची, चाऱ्याची आणि डोळ्यांत तेल घालून पाहण्याची जबाबदारीही दुप्पट होते. ती पेलत नसेल तर आपण कोकरे वाढवली नाहीत, फक्त मरणे वाढवली. 'किती झाली?' हा प्रश्न सगळे विचारतात. 'किती वाचली?' हा त्याहून प्रामाणिक प्रश्न आहे.

येथे नुसत्या सदिच्छेचाही उपयोग नाही. पाम तेलाच्या मळ्यांजवळ तेल काढून उरलेली गरांची पेंड स्वस्त मिळते. मेंढीला दूध यावे म्हणून कोणी ती मनापासून चारू लागला, तर सुरुवातीला मेंढ्या तकतकीत दिसतात. पण त्या पेंडीत तांबे असते, आणि मेंढीला तांबे फार बाधते. काळजात ते महिनोन्महिने साठत जाते आणि एके दिवशी रक्तातल्या पेशी फुटतात, डोळे पिवळे होतात, आणि मेंढी पडते. जंतांचेही तसेच. हीमॉन्कस नावाचा जंत पोटात राहून रक्त पितो, आणि त्याची एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. तीन-चार दिवसांनी तुकडा बदलून महिनाभर तेथे परत न फिरणारा मेंढपाळ, अळ्या उपाशी मारून, औषधाच्या बाटलीपेक्षा अधिक कोकरे वाचवतो. माया असावी, पण मायेला ज्ञानाची जोड नसेल तर ती प्रेमाने विष चारते.

आता सर्वांत अवघड भाग राहिला. हे देणे फेडावयाचे कोणी? आतापर्यंत आपण 'माणूस' म्हणत आलो. पण मळ्यात 'माणूस' नावाचे कोणी नसते. तेथे मालक असतो आणि मजूर असतो. मेंढी तण खाते त्याचा फायदा मळ्याच्या खात्यात जमा होतो. कोकरू मध्यरात्री जन्मते तेव्हा कंदील घेऊन कोण उठते? इंडोनेशियात 'गाडुहान' नावाची पद्धत आहे, आपल्याकडच्या अर्धेलीसारखी. जनावर एकाचे, सांभाळणारा दुसरा, आणि झालेली पिले दोघांत वाटून घ्यावयाची. मेलेल्या कोकराची वाटणी होत नाही. जागरण मात्र सगळे सांभाळणाऱ्याचे. तेव्हा 'कोकरावर दया करा' असा उपदेश त्याला करणे सोपे आहे. त्याला त्या रात्रीची मजुरी, विणीच्या दिवसांत इतर कामातून सूट, आणि गोठ्याजवळ निजण्याजोगी जागा देणे, हे अवघड. जो हे देत नाही आणि दया मागतो, तो दुसऱ्याच्या झोपेवर पुण्य करू पाहतो.

आणि या मळ्यांचा इतिहास जाणणाऱ्याला येथे आणखी एक चित्र आठवल्यावाचून राहत नाही. ब्रिटिश अमदानीत मलायाच्या मळ्यांवर दक्षिण भारतातून गेलेली तमिळ मजूर माणसे राबत. रबराचा चीक पहाटेच्या गारव्यात चांगला वाहतो, म्हणून झाडे पहाटेच तासावी लागतात. तेव्हा बाया उजाडण्यापूर्वी ओळींमध्ये जात, आणि अंगावर पिणारी मुले मळ्याच्या पाळणाघरात आयेपाशी राहत. झाडाचा चीक गोळा व्हावा म्हणून आई निघून जाई आणि मूल तिची वाट पाही. मेंढीच्या गोठ्यातली ती सहा-सात तासांची ताटातूट त्याच मळ्यात, त्याच झाडांखाली, आधी माणसांनी सोसलेली आहे. मी माणसाची आणि मेंढराची बरोबरी करीत नाही. एवढेच म्हणतो की ज्या व्यवस्थेला एका ठिकाणी आईवाचून पडलेले मूल दिसत नाही, तिला दुसऱ्या ठिकाणीही दिसण्याचा संभव कमी; आणि जिला एका ठिकाणी दिसू लागते, तिची नजर हळूहळू दुसरीकडेही वळते. कोकरासाठी आईला तीन दिवस घरी ठेवावे हे ज्या मळ्याला पटले, त्याला मजुरिणीच्या बाळंतपणाची रजा समजावून सांगावी लागू नये.

रबराचा मळा आता आपल्यालाही फार परका राहिलेला नाही. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गाकडे रबराची झाडे उभी आहेत. आणि घाटावरचे धनगर तर दिवाळीनंतर मेंढरे घेऊन कोकणात उतरत आले आहेत, तेव्हा कोकरे घोड्यावरच्या झोळीत असतात आणि आया मागून चालत असतात. झाडांचा चीक आणि मेंढीचा चीक एका रानात यावयाचे झाले, तर प्रश्न आपल्याही दारात येईल.

त्याचे उत्तर आपल्या सणात कोणीतरी फार पूर्वी ठेवून दिलेले आहे. वसुबारसेला आपण नुसती गाय पुजीत नाही. सवत्स गाय पुजतो. वासरू जवळ नसेल तर पूजा पुरी होत नाही. त्या दिवशी कित्येक घरी बाया गाईचे दूध वर्ज्य करतात. याचा अर्थ दूध घेऊ नये असा नव्हे. दुसऱ्या दिवसापासून दिवाळीची खीर आटतेच. अर्थ एवढाच की वर्षातून एक दिवस तरी आठवावे, हे दूध आधी कोणाचे होते. रिडलेने झाडाची साल झाडाला ठेवली. मेंढीचा पहिला चीक कोकराला, पहिल्यालाच नव्हे तर दुसऱ्यालाही, मिळावा. आणि जो तो मिळवून देतो त्याला त्याच्या जागरणाचा मोबदला मिळावा. एवढे ज्याला परवडत नाही त्याने मेंढ्या थोड्या ठेवाव्यात. थोडी कोकरे आणि सगळी जिवंत, हा कळप दिसावयास लहान असेल. पण सांजवेळी आया परतल्या की त्याच्या गोठ्यात हाक मारणारे आणि हाकेला ओ देणारे, दोन्ही सारखेच भरतात.